कुणाला सांगितलं?

युवराज बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी 'टेल' आणि 'इन्फॉर्म' चालू होतं. "मराठीत नुसतं 'सांगितलं' म्हटलं तरी भागतं. इंग्रजीत कुणाला सांगितलं, तो माणूस आधी लागतो. तो गाळला की वाक्य चुकलं." पोरांनी उतरवून घेतलं.

तास संपल्यावर त्यानं इंदापूरला बहिणीला फोन लावला. "वृषाली, आबांना जरा बरं न्हाय. जमलं तर येऊन जा."

आमच्याकडं हे वाक्य माणूस गेल्यावरच वापरतात. वृषालीनं सासरी सांगितलं, सासरच्यांनी भावकीत. संध्याकाळी बारामतीजवळ जळोचीत युवराजच्या घरापुढं दोन गाड्या थांबल्या आणि वृषालीनं फाटकातूनच हंबरडा फोडला.

तिचे वडील, म्हणजे आबाच, अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. दचकून म्हणाले, "कोण गेलं गं?"

मग हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. "मास्तर, तुला साधा फोन करता येईना, पोरांना काय शिकवतोस?" असं म्हणत पाहुणे जेवले आणि परतले. वृषाली आत आवराआवरीला गेली.

दोघंच उरल्यावर आबा म्हणाले, "तू उगा फोन करणारा न्हाईस. काल डाक्टरनं तुला एकट्याला आत घेतलं व्हतं. काय म्हनला?"

युवराजनं मेथीची एक जुडी बांधायला घेतली. हे काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

आबा थोडा वेळ त्याच्या हातांकडं बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "वृषाली आलीच हाय, तर ऱ्हाऊ दे तिला चार दिस."