मेंढरातलं करडू

"माणसानं मरावं तर ताठ मानेनं!" गुंडानं दवाखान्याच्या बाकावरून जाहीर केलं. त्याची स्वतःची मान टाक्यांमुळं डावीकडं कलली होती, त्यामुळं हे थोर वाक्य त्याला कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडं बघून म्हणावं लागलं.

"आदी फेटा सारका करा. पट्टीत अडकलाय," त्याची बायको चिमाबाई म्हणाली.

मानेतली गाठ काढून तपासायला दिली होती. कॅन्सरच असणार, हे गुंडानं माळशिरस सोडतानाच पक्कं केलं होतं, आणि मरणाऱ्या माणसाला शोभेल इतकं मन मोठं केलं होतं. मेंढरांचा कळप वाटताना ज्या एडक्यावरून, म्हणजे नर मेंढ्यावरून, धाकट्या भावाशी, ज्ञानबाशी, बोलणं तुटलं, तोच एडका त्यानं दाव्यासकट ज्ञानबाच्या हातात दिला. ज्ञानबा पोरासारखा रडला. तेव्हापासून तो थोरल्याचे पाय चेपत होता, फेटा बांधून देत होता. आत्ताही, "दादा, हितला च्या पानचट हाय, म्होरल्या टपरीवरनं आणतो," म्हणत उन्हात गेला होता.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं.

"मामा, कॅन्सर नाही."

चिमाबाईनं पदर डोळ्यांना लावला. गुंडाला काय करावं सुचेना. तयारी सगळी दुसऱ्या गोष्टीची होती.

"मग गाठीत हाय काय?"

"मानेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात, रोग अडवणाऱ्या. तुमच्या एका गाठीत लाळेच्या ग्रंथीचा तुकडा निघाला. आईच्या पोटात तुमची मान घडत होती ना, तेव्हाच तिथं राहून गेलेला. त्याची जागा चुकली, एवढंच. त्याच्यापासून धोका काही नाही."

"म्हंजी मेंढराच्या कळपात करडू ऱ्हायलं म्हना की."

"तसंच काहीसं."

गुंडानं पट्टीवरून हळूच बोट फिरवलं. इतकी वर्षं ते गळ्याशी बसून होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि गुंडानं त्याच्यापायी स्वतःचं मरण पार उरकून घेतलं होतं.

चिमाबाईचे डोळे एव्हाना कोरडे झाले होते. "मरनार न्हाय, तर एडका कशापायी दिला वो? आजच माघारी मागा. तुमचं तोंड उचलत नसंल तर मी मागते."

गुंडानं खिडकीकडं पाहिलं. काचेतून रस्ता दिसत होता. ज्ञानबा चहा घेऊन येत होता. कप भाजत असावा, दर चार पावलांनी हात बदलत होता. पण धूळ पडू नये म्हणून दुसरा तळवा कपावर तसाच धरलेला.

"बाई," गुंडा डॉक्टरीणबाईंकडं कलत्या मानेनं वळला, "येक काम हुतं."

"बोला की मामा."

"त्यो आत आल्या आल्या क्यान्सर न्हाय म्हून सांगू नगा. तेवढा त्याच्या हातचा च्या माजा पिऊन हू द्या."