मास्तरांसाठी गुंड

नवा मध्यप्रदेश झाला त्या वर्षी ग्वाल्हेरहून बदलून आलेले चौबे मास्तर सिंधीपुऱ्यात सरूबाईच्या घरी भाड्यानं राहायला लागले. मराठी त्यांना अर्धीमुर्धीच कळायची. एका सकाळी नळाला पाणी आलं नाही, तेव्हा ते सरूबाईवर चांगलेच भडकले, "ऐसे घर में आदमी रहे कैसे?"

दुपारी भिंतीपलीकडून सरूबाईचा आवाज आला. ती मुलाला सांगत होती, "देवराम, मास्तर सकाळी काय बोलले ते ऐकलं ना? आता बाजारात जा अन् एक गुंड घेऊन ये. चांगला जाड, दणकट पाहून आण. आजपासून तो मास्तरच्या उशाशीच राहील."

मास्तरांना दरदरून घाम फुटला. गुंड म्हणजे काय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी घाईघाईनं पेटी भरली, वळकटी बांधली आणि दार उघडलं, तर समोर मायलेक उभे. मास्तरांनी मान खाली घालून हात जोडले, "माताजी, गलती हो गई. हम अभी चले जाते हैं."

"अशे कसे जाता?" सरूबाई म्हणाली. "इतक्या हौसेनं गुंड आणला ना तुमच्यासाठी!"



देवरामनं खांद्यावरची पाण्यानं भरलेली नवीकोरी पितळी कळशी खाली उतरवली आणि सरूबाईनं विचारलं, "काहो मास्तर, तुमच्या ग्वाल्हेरकडं याला गुंड नाही म्हणत का?"