चोरलेल्या चुका

पाकिटातून पुस्तक बाहेर आलं आणि आण्णांनी ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं. ‘डोंगरातलं भात’. मुखपृष्ठावर त्यांचंच नाव. आत शाहूवाडीकडच्या भाताच्या चाळीस जुन्या जाती, मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर आठ वर्षं वाड्यावस्त्या हिंडून त्यांनी गोळा केलेल्या.

“हुबेहूब छापलंय,” ते म्हणाले.

सून मोनाने चहा पुढे ठेवला. “मग तुमचंच असंल की, आण्णा.”

“माझं कुठनं असंल? पाचशे छापलेली, तीन महिन्यांत पाचशेच्या पाचशे खपली. चार वर्षं झाली त्याला.”

त्या पाचशे प्रतींवर आण्णा उभे होते. चौतीस वर्षं शिकवलं, पण वर्गात कुणी खरंच ऐकतंय का, याची त्यांना कधी खात्री वाटली नाही. हस्तलिखित तर त्यांनी दोनदा बंबात घालायला काढलं होतं. पण पुस्तक खपलं. ज्या अर्थी लोकांनी घेतलं, त्या अर्थी त्यात काहीतरी असणार. त्याच बळावर आता दुप्पट जाडीची दुसरी आवृत्ती तयार झाली होती. आणि ऑनलाइन कुणीतरी साठ रुपयांत ही बनावट प्रत विकत होता. मग नव्या पुस्तकाला हात कोण लावणार?

त्यांनी एकसष्टावं पान उघडलं. लोंबीचा फोटो उलटा. पुढे ‘लावणी’च्या जागी ‘लावण्य’. चोराने चुकासुद्धा सोडल्या नव्हत्या. फरक एवढाच, की पानांमध्ये कापसाचे बारीक तंतू होते आणि कागदाला यंत्राच्या तेलाचा वास. चोरीचा माल असाच कुठल्यातरी कोपऱ्यात दडवत असणार.

त्यांनी ऑनलाइन कंपनीकडे तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी फोन आला. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे माल अस्सल आहे, तरी पैसे परत केलेत, वस्तू तुम्हीच ठेवा.

“पैसे मागितलेत कुणी?” आण्णा ओरडले. मग पलीकडच्या मुलीला दोनदा सॉरी म्हणाले.

संध्याकाळी मुलगा विजयसिंह घरी आला. शेडमधले यंत्रमाग विकल्यापासून तो कमीच बोलायचा. पाकीट बघून त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“मागवलं कशाला तुम्ही?”

“पुरावा नको? मागं पत्ता हाय बघ. इचलकरंजी. उद्याच पोलिसात जाऊ.”

“साठ रुपयांच्या पुस्तकासाठी पोलीस? हसतील की लोक.”

“लोक हसूद्यात. चोर तर घावंल.”

“आण्णा, जाऊ द्या की. न्हाईतर मी बघतो. रविवारी जाऊन दमात घेतो त्याला. तुम्ही जायचं न्हाई.”

आण्णांना रात्रभर झोप लागली नाही. पोराला बापाच्या पुस्तकाची एवढीही चाड नसावी? सकाळी ते घराजवळच्याच, कोल्हापुरातल्या शशिधरच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. पहिली आवृत्ती त्यानेच विकली होती.

“सर, सोडा ओ विषय,” शशिधर म्हणाला आणि नसलेली धूळ झटकायला लागला. “आपली खपली न्हवं? झालं तर मग.”

“पण घेतली कुणी, ते आठवतंय? त्यांना विचारता येईल, कुणी छापायला दिलं का ते.”

“आता चार वर्षांमागचं गिऱ्हाईक कुठलं आठवायला, सर!” म्हणत तो आत गेला, तो बाहेर आलाच नाही.

सगळ्यांनाच प्रकरण मिटवायची घाई होती. आण्णांना रविवारपर्यंत धीर निघेना. घरी न सांगता त्यांनी एसटी धरली. गाडीत दोनदा जागा बदलली. चोराला सुनवायची वाक्यं मनात जुळवली, खोडली, पुन्हा जुळवली.

पत्त्यावर रद्दीचं गोदाम निघालं. दाराशी काट्याजवळ एक बाई बसली होती. संयोगिताबाई, पाटीवर नाव होतं.

“या पावणं. द्यायचं का घ्यायचं?”

आण्णांनी पुस्तक पुढे धरलं. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. “हे... तुम्ही छापता?”

“छापती? हितनं उठून पाणी प्यायला सवड न्हाई मला, छापती कुठली!”

“मग हे आलं कुठनं?”

तिने हनुवटीने कोपरा दाखवला. पुस्तकांचे गठ्ठे छताला टेकत आले होते. बहुतेकांची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती.

आण्णांचा आवाज एकदम मोकळा झाला. “आणून दिलं कुणी? नाव सांगा. सोडणार न्हाई मी त्याला. लेखक हाय मी ह्याचा.”

“लेखक?” बाई उठून उभी राहिली. “बसा की मग, च्या सांगती. नाव न्हाई बघा इचारलं. शेड रिकामं करत हुता बिचारा. टेम्पोतनं एकेक गठ्ठा सोता उतरवला. पैसंबी घेत न्हवता. म्हणला, ह्यातलं एकबी रद्दीत घालू नका, कोण वाचणारं गावतंय का बघा. म्हणून ऑनलाइन टाकली.”

“वाचणारं?” आण्णा हसले. “अवो, कोल्हापुरात एका दुकानात ठेवली असती तरी हातोहात गेली असती. कसला चोर हा, एवढं कळंना त्याला?”

“मीबी तेच म्हणलं,” बाई म्हणाली. “तर हात जोडलं त्यानं. म्हणला, कुठंबी इका आक्का, पर कोल्हापुरातल्या दुकानात नको. तिथं माझं वडील ऱ्हात्यात.”