एकोणतीस सालचा वैशाख

एमआरआयच्या काचेपलीकडे भालचंद्र डोळे मिटून पडला होता आणि अलीकडच्या अंधारात त्याच्या पाठीच्या कण्याचं चित्र हवेत तरंगत होतं. सगळ्या मणक्यांची मिळून एकच कांब झाली होती.

“सूज विझली तरी हाडात तिची खूण राहते,” डॉ. नाझनीन म्हणाल्या. “यंत्राची ही चकती मागं फिरवली की ते दिवस पुन्हा उजळतात. कुठलं साल बघू?”

सोबत आलेली त्याची थोरली बहीण, अक्का, म्हणाली, “दोन हजार एकोणतीसचा वैशाख.”

त्या वैशाखात अक्काच्या यजमानांची साठीशांत होती. भालचंद्र त्यांच्या पाया पडला नव्हता. उभ्यानंच हात जोडून निघून गेला होता. पाठ धरलीय म्हणाला होता, पण ते कुणाला पटलं नव्हतं. पुढं तीस वर्षं अक्का त्याच्याशी बोलली नव्हती. आज त्याला आणायला तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

चकती फिरली. कमरेपासून मानेपर्यंत मणक्यामणक्यात पांढरे दिवे लागले, घाटातून दिसणाऱ्या लांबच्या गावासारखे.

“बाप रे,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “तेव्हा यांना मोजेही घालता येत नसतील.”



भालचंद्र बाहेर येऊन चपला शोधू लागला. ऐंशीची अक्का गुडघ्यावर हात टेकत खाली वाकली आणि एकेक चप्पल त्याच्या पायात सरकवू लागली.

“अगं, थोरली ना तू! माझ्या पायांना हात काय लावतेस?”

“गप उभा राहा,” अक्का म्हणाली. “तुला वाकता येत नाही.”