पेट्रोलचं झाकण

टीव्हीवर गाडी दिसली आणि अंबुजाबाईंच्या हातातली कॉफी साडीवर सांडली.

"अहो, व्हेलोरा! चंदेरी! आपलीच हो ही, अय्यो देवा!"

महाबलीपुरमच्या अलीकडे लॉरी चुकवताना गाडी खड्ड्यात गेली, आत माणसं अडकलीत, असं बातम्या देणारी तमिळमध्ये सांगत होती. गाडीचं तोंड झुडपात, नंबरप्लेट चिखलात. लेक विद्युलता आणि जावई वेंकट सकाळीच अड्यारहून पाँडिचेरीला निघाले होते, चंदेरी व्हेलोरातूनच. दोघांचेही मोबाइल लागत नव्हते.

चंद्रमौळी टीव्हीच्या काचेला नाक लावून बसले. ही गाडी जिथं बनायची, त्या कारखान्यात त्यांनी सात वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. पहिली गाडी दोन हजार साली बाहेर पडली आणि शेवटची आत्ता, दोन हजार सातच्या मार्चमध्ये. मधल्या काळात तिचं कधी काय बदललं ते त्यांना तोंडपाठ. पहिल्या सालची जुनी गाडी लेकीच्या गळ्यात मारलीही त्यांनीच. "पहिल्या सालचा पत्रा म्हणजे पत्रा," असं वेंकटला चारदा ऐकवून! आता तोच पत्रा कागदासारखा चेपलेला दिसत होता.

"बंपर चंदेरी आहे," ते म्हणाले. "पहिल्या सालचे काळे यायचे."

"वेंकटनं दिवाळीला रंगवून नाही का घेतला?"

घेतला होता खरा. चंद्रमौळींनी दारं बघितली. रबरी पट्टी नव्हती. दोन हजार चारपासून कंपनीनं ती लावणंच बंद केलं होतं. पण लेकीच्या गाडीची पट्टी तर कधीच गळून पडलेली. मागचे दिवे नंतरच्या सालांत उभ्याचे आडवे झाले होते, पण इथं तर दिव्यांचा चुराडा.

"मग कशावरून कळणार ते तरी सांगा!" अंबुजाबाई रडकुंडीला आल्या. "सात वर्षं तिथं काय माशा मारत होता?"

कॅमेरा हळूहळू गाडीच्या उजव्या बाजूला आला. मागच्या चाकाच्या वर एक चौकोनी झाकण होतं.

"उजवीकडे," ते पुटपुटले. मग ओरडलेच, "अगं, उजवीकडे आहे!"

"काय उजवीकडे?"

"पेट्रोलचं झाकण! आपल्या गाडीचं डावीकडे. दोन हजार सहाला कंपनीनं टाकी बदलली तेव्हा इकडं आणलं. ते काही घरी बदलता येत नाही कुणाला. आपली नव्हे ही, अंबुजा, आपली नव्हे!"

याच झाकणावरून ते साहेबांशी कडाकडा भांडले होते. चांगल्या गाडीचा सत्यानाश केलात, असं तोंडावर म्हणाले होते आणि महिनाभर कुणाशी धड बोलले नव्हते. आज तो साहेब समोर असता तर त्याचे पाय धरले असते. त्यांना हसू आणि रडू एकदमच आलं. अंबुजाबाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"हे झाकण आधी नाही का आठवलं?"

जीव भांड्यात पडला होता. आता पुढचं काही बघायची छाती नव्हती. चंद्रमौळींनी रिमोट उचलला, तर अंबुजाबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू दे. त्या गाडीतल्यांच्या घरीही कुणी हेच बघत असेल."

दोघं बसून राहिले. लोकांनी पहार घालून दार उघडलं. आधी एक तरुण बाहेर आला, हात धरून कण्हत. मग एक पोरगी. कपाळावर रक्त, पायात चप्पल नाही, पण आपल्या पायांनी चालत. गर्दीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

अंबुजाबाईंनी पुढं सरकून टीव्हीच्या काचेवर हात ठेवला.

"सावकाश ये ग बाळ," त्या म्हणाल्या. "घाई करू नको. आम्ही इथं बसलोय."