ऑर्फियस इथला असता तर

"दाजी, आता सरळ चलायचं. मागं वळून बघायचं नाय," भारत म्हणाला आणि त्यानं काकासाहेबांचा दंड धरला.

काकासाहेबांनी नुसती मान हलवली. मागे त्यांच्या बायकोची, रत्नमालाची चिता पेटली होती. भारत हा तिचा धाकटा भाऊ. पाचोडकडे मेंढरं राखणारा आडदांड गडी, पण सकाळपासून रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

त्यांच्या चार पावलं मागे श्रेया चालत होती. बायकांनी मसणात जायचं नसतं, असं तिला घरून दोनदा बजावलं होतं. तिनं ऐकलं नाही. शहागंजातल्या काकासाहेबांच्या क्लासात ती नऊ वर्षं व्हायोलिन शिकली होती, आणि सर आज मागे वळणार याची तिला खात्री होती. त्याला कारण ऑर्फियसची गोष्ट.

सरांची पद्धतच होती. युरोपातलं अभिजात संगीत वाजवायला घेतलं, की आधी ग्रीकांची एखादी गोष्ट सांगायची. "तिकडच्या संगीतकारांनी ग्रीकांचे देव उसने नेलेत," ते म्हणत. "चारशे वर्षं झाली, अजून परत करायचं नाव नाही."

ऑर्फियस दरवर्षी व्हायचाच. दगडाला पाझर फुटेल असं वाजवणारा माणूस. त्याची बायको साप चावून मेली, तर हा वाद्य घेऊन थेट पाताळात गेला. तिथल्या राजाला रडवलं आणि बायकोला सोडवून आणलं. अट एकच होती. ती मागून येईल, पण वर पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. याला कुठला धीर धरवतोय. हा वळला आणि ती कायमची गेली.

"बिचारा चुकीच्या मुलखात जन्मला," सर हसत. "आपल्याकडे मसणातून निघताना वळून बघितलं, तर गेलेलं माणूस आपल्यामागं घरी येतं म्हणतात. इथला असता तर खुशाल वळला असता आणि बायकोला घेऊन गेला असता."

मग ते डोळे मिटून राग जोगिया वाजवत. मुली ओढणीनं डोळे पुसत. हे सगळं आपल्या रत्नमाला काकूंसाठी चाललंय, हे वर्गात कुणाला सांगावं लागत नसे.

एकच गोष्ट ते सांगायचे नाहीत. रानात पावा वाजवणाऱ्या एकानं संगीताच्या देवाशी पैज लावली आणि देवानं जिवंतपणी त्याची कातडी सोलली, ती. श्रेयाला ती कुठेतरी वाचायला मिळाली होती. तिनं विचारलं, तर सर म्हणाले, "आधी सूर नीट लाव."

काकू स्वतः गायच्या. मेंढरांमागे गाणी म्हणत फिरणारी ती पोर काकासाहेबांना आवडली. तिला लग्न करून त्यांनी शहरात आणलं, राग शिकवले. दोन वर्षांत दोघांच्या मैफिली व्हायला लागल्या. व्हायोलिन ऐकायला आलेली माणसं गाण्याचं कौतुक करत घरी जायची. मैफिलीआधीचा विडासुद्धा काकासाहेब स्वतः लावून तिला भरवत.

मग एका हिवाळ्यात तिचा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर झाले, वैद्य झाले. पुढची अठ्ठावीस वर्षं ती कुजबुजल्यासारखं बोलली. सरांनी तिला टाकलं नाही. तिची औषधं चुकवली नाहीत. असा नवरा बघून शहागंजातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या.

फाटक वीसेक पावलांवर राहिलं आणि काकासाहेब थांबले.

भारतनं त्यांचा दंड आणखी घट्ट धरला. श्रेयाही जागीच थांबली. काकासाहेबांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि ते चालू लागले. आधीपेक्षा जरा भराभरच.

श्रेयाला वाईट वाटलं. खरं म्हणजे रागच आला. वर्गात सांगायला सगळं सोपं असतं. खरंखोटं देव जाणे, पण या माणसानं एकदा वळून बघायला काय हरकत होती? आता ते त्या घरात एकटे बसणार, भिंतींकडे बघत. तिला ते सहन होईना.

मग तीच वळली. ज्वाळांकडे चांगलं डोळे भरून बघितलं आणि मनात म्हणाली, काकू, चला. माझ्याबरोबर चला. सरांना तुमच्याशिवाय कोण आहे?

फाटकाबाहेरच्या नळावर सगळे हातपाय धुवायला थांबले.

"मला वाटलं व्हतं, दाजी वळत्यात," भारत हळूच श्रेयाला म्हणाला. "लई जीव व्हता त्यांचा आक्कावर. पण धीर धरला बघा." आणि तो जीप आणायला गेला. बाकीचेही हळूहळू त्याच्यामागे पांगले.

काकासाहेब पाय धूत राहिले. स्वच्छ झालेले पाय पुन्हा धुतले.

"श्रेया, कुणी वळलं नाही ना?"

त्यांना हुरहुर लागली आहे, असं तिला वाटलं.

"मी वळले, सर. तुमच्यासाठी. काकूंना म्हटलं, चला घरी."

काकासाहेबांनी नळ बंद केला नाही. ते तिथंच ओल्या फरशीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. श्रेया घाबरून खाली वाकली.

"सर, काय होतंय? भारतमामांना बोलावू?"

"त्याला नको." त्यांनी तिचं मनगट पकडलं. "गेलेल्या माणसाला सगळं कळतं म्हणतात. खरं असेल का गं?"

"असेल. का?"

"मग तिला घरी यायच्या आधीच कळलं असेल," काकासाहेब म्हणाले, "की शेंदूर चारून तिचा आवाज मीच घालवला होता."