कशासाठी आलात?

"काम करायला आलेय. राहायलापण," आयोना विमानतळावरच्या तपासणी काउंटरवर कोपर टेकवून म्हणाली. एवढ्या मोठ्यानं, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं.

तिच्या मागं उभ्या असलेल्या कॅसवेलनं चटकन आजूबाजूला पाहिलं. सेंट व्हिन्सेंटहून बार्बाडोसला येईपर्यंत ही बाई विमानात त्याच्या शेजारी बसून, वेण्या घालायचं दुकान कसं टाकणार ते सांगत होती. चाळीस मिनिटांत त्याला ती आवडायला लागली होती. आता हिला परत पाठवणार.

काचेमागच्या अधिकारी बाईंनी पासपोर्ट चाळला, काहीतरी विचारलं, शिक्का मारला. संपलं.

आयोना वळली. "बघितलंस ना, दादा? खरं सांगायचं, बस्स. एकमेकांकडं राहून काम करू द्यायच्या करारावर चार देशांनी सही केलीय, त्यात आपण आहोत. लपायचे दिवस गेले."

"हळू बोल गं," कॅसवेल पुटपुटला.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. रेडिओवर ऐकलं होतं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी सांगितलं होतं. बाहेर गाडी घेऊन थांबलेल्या मुकादमानं तर फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, "सोमवारपासून गवंडी पाहिजे मला, पण रीतसर पाहिजे. सुट्टीचा शिक्का घेऊन आलास तर विटेला हात लावू देणार नाही. दुसरा माणूस तयार आहे."

"पुढचे, या."

तो पुढं झाला, पासपोर्ट सरकवला. बाईंच्या छातीवर नावाची पट्टी होती. इनिस. वय तिशीचं असेल.

"कशासाठी आलात?"

"सुट्टीवर," कॅसवेल म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते. तोंडानं परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं. नऊ वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये त्यानं खरं सांगितलं होतं. तेव्हा कायदा वेगळा होता. संध्याकाळच्या विमानानं घरी. त्यानंतर तीनदा आला, तीनदा सुट्टी म्हणाला, आणि दर वेळी सरकारी गाडी दिसली की घमेल्यात थापी टाकून मागच्या कुंपणावरून उडी.

"ऑक्टोबरात सुट्टी?" इनिसबाईंनी मान वर केली. "क्रॉप ओव्हरच्या सणाचं नाचगाणं तर ऑगस्टातच संपलं. आता काय बघणार?"

"समुद्र."

"तुमच्याकडं नाही का समुद्र?"

मागं कुणीतरी खुसखुसलं.

बाईंची नजर काउंटरवरच्या त्याच्या हातांवर गेली. सिमेंटनं खाल्लेली बोटं, नखांपाशी भेगा. त्यानं हात खाली घेतले. उशीर झाला होता.

"मिस्टर क्वॉव," त्या पासपोर्टावरचं नाव वाचून म्हणाल्या, "सुट्टी म्हणालात तर मी सुट्टी लिहिणार. चौदा दिवस. त्यात काम करता येणार नाही. दुसरं काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. परत विचारणार नाही."

आवाज मऊ होता. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या साहेबाचाही असाच मऊ होता. सांग बाबा खरं, घाबरू नकोस, म्हणाला होता.

काउंटरपलीकडं आयोना अजून थांबली होती. दोन्ही हात हलवून खुणा करत होती. बोल ना!

कॅसवेलनं टोपी मागं सरकवली. सुट्टी म्हटलं तर आत जाता येतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. पण आत जाऊन करायचं काय? मुकादम पासपोर्ट बघणार आणि गाडी चालू करणार.

इनिसबाईंनी शिक्का उचलला.

"काम," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"कामाला आलोय, बाईसाहेब. गवंडी आहे मी. माफ करा."

"माफी कसली त्यात?" त्यांनी दुसरा शिक्का घेतला, दाणकन मारला, वर दोन शब्द खरडले. "मुदतीचं बंधन नाही. राहा, काम करा. पुढचे!"

कॅसवेलला फक्त तो दाणकन आवाज ऐकू आला. पासपोर्ट खिशात घालून त्यानं पिशवी उचलली आणि डावीकडच्या भिंतीलगतच्या बाकाकडं चालू लागला. ज्यांना परत पाठवायचं असतं त्यांना बसवतात त्या बाकाकडं. बाक रिकामा होता. तो एका टोकाला बसला. पिशवी गुडघ्यांत धरली. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अहो, मिस्टर क्वॉव!" इनिसबाई खुर्चीतून उठल्या. "तिकडं कुठं बसलात? दार इकडं आहे!"

"असू दे, बाईसाहेब," कॅसवेल अदबीनं म्हणाला. "विमान किती वाजता आहे?"